बेटावरची मजुरी आणि परवान्याचा कायदा



मराठवाड्यातल्या माणसाला कामासाठी गाव सोडणे नवे नाही. दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कोणी कर्नाटकात. काहीजण पुण्या-मुंबईला जातात, नांदेडचे पुष्कळ लोक हैदराबादची वाट धरतात. अलीकडे आणखी एक वाट वाढली आहे, ती समुद्रापारची. गवंडी, सुतार, वीजतंत्री, वाहनचालक, स्वयंपाकी अशा कामांसाठी आपल्या भागातली तरुण मुले आखाती देशांत आणि सिंगापूरसारख्या ठिकाणी जातात. हैदराबादेला जायला एस. टी.चे तिकीट पुरते. परदेशी मात्र परवाना लागतो. हा परवाना म्हणजे काय, तो कोण देतो, कोणाच्या हाती राहतो आणि त्याचा कायदा कसा घडत आला, हे आज पाहू. हा विषय वकिलांपुरता नाही. घरातला कर्ता मुलगा जमीन गहाण टाकून बाहेर पडतो, तेव्हा त्या जमिनीचे भवितव्य त्या एका कागदावर अवलंबून असते.

प्रथम दोन कागदांतला फरक समजून घेऊ. व्हिसा म्हणजे परक्या देशाच्या वेशीतून आत येण्याची मुभा. कामाचा परवाना म्हणजे आत आल्यावर मजुरी करण्याची मुभा. पहिला कागद हाती आला म्हणजे दुसरा मिळालाच असे नाही. फिरायला म्हणून दिलेल्या व्हिसावर जो कामाला लागतो तो त्या देशाच्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. मग त्याची मजुरी बुडाली तरी तक्रार करायला त्याला तोंड उरत नाही. दुसरी गोष्ट अशी, की कामाचा परवाना बहुधा मोकळा नसतो. अमक्या मालकाकडे, अमके काम, अमक्या मुदतीपर्यंत, असे त्यावर लिहिलेले असते. मालक सुटला की परवाना सुटला, आणि परवाना सुटला की देशात राहण्याचा हक्कही गेला.

आपल्याकडचा सालगडी डोळ्यांपुढे आणा. पाडव्याला साल ठरते, उचल घेतली जाते, वर्षभर एका वाड्यावर राबायचे. मालकाशी पटले नाही तर गडी काय करतो? उचल फेडतो किंवा दुसऱ्या मालकाकडून फेडून घेतो आणि साल मोडून जातो. त्यात ओढाताण असते, भांडणे होतात, कधी अन्यायही होतो; पण गाव सोडून जा, असे सरकार त्याला सांगत नाही. परवान्यावरच्या मजुराला मात्र साल मोडले की देशच सोडावा लागतो. एवढा एक फरक ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सारे सोपे होईल.

असे कायदे बेटांवर विशेष कडक झाले. त्याची कारणे दोन. बेटाची जमीन थोडी आणि वस्ती बेताची, त्यामुळे मोठे काम निघाले की माणसे बाहेरून आणावी लागतात. आणि बेटाला चारही बाजूंनी समुद्राची वेस, त्यामुळे आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवणे सरकारला सोपे जाते. या दोन कारणांतून जगातले एक फार जुने परवान्याचे राज्य उभे राहिले, ते मॉरिशस बेटावर. त्याचा इतिहास आपल्या मराठी माणसांचाही इतिहास आहे.

हिंदी महासागरात आफ्रिकेच्या पूर्वेला हे छोटेसे बेट आहे. तिथे उसाचे मोठे मळे होते आणि ते गुलामांच्या श्रमावर चालत. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि १८३५ च्या फेब्रुवारीपासून तो मॉरिशसमध्ये लागू झाला. आता मळ्यांवर राबणार कोण? मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाचे जहाज छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बंदरात उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेले. पण मुंबई बंदरातूनही हजारो माणसे गेली. त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या बाजूची मराठी कुटुंबे होती.

हे लोक करारावर गेले. इंग्रजी ‘अॅग्रिमेंट’ शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमीट’ झाले आणि असा मजूर तो गिरमिटिया. करार साधारण पाच वर्षांचा. पुरुषाला महिन्याला पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा आणि थोडे कापड. सरकारने कायदे मुळीच केले नाहीत असे नव्हे. १८३७ साली कलकत्त्याच्या सरकारने नियम केला, की मजुराने अधिकाऱ्यासमोर करार करावा आणि त्याची मुदत पाच वर्षांहून जास्त नसावी. तरीही फसवाफसवीचा बोभाटा इतका झाला, की १८३९ मध्ये मजूर पाठवणेच बंद करावे लागले. मळेवाल्यांनी धरणे धरले आणि १८४२ मध्ये मॉरिशसची वाट पुन्हा उघडली. मात्र तेव्हा बंदरावर एक अधिकारी नेमला गेला. त्याचे नाव ‘प्रवासी संरक्षक’. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

कागदावर संरक्षण होते. मग मळ्यावर काय होत होते? तिथे एक नियम असा होता, की मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची. आपल्या ऊसतोड कामगारांना हे चटकन कळेल. आपल्याकडेही ‘खाडा’ नावाचा प्रकार आहे. नवराबायकोचा मिळून एक कोयता, त्यातल्या एकाला ताप आला की दोघांचा दिवस जातो आणि उचलीवर बोजा चढतो. मॉरिशसच्या मळ्यावर ही कपात मालकाच्या मर्जीपुरती नव्हती, तिला कायद्याचा आधार होता. आजारी पडलेला मजूर महिनाअखेरीस मालकाचे देणे लागे. शिवाय करार मोडणे हा दिवाणी वाद समजला जात नसे. तो फौजदारी गुन्हा होता आणि त्याला तुरुंग होता. मजुरी बुडवणारा मालक बहुधा दंडावर सुटे आणि काम सोडणारा मजूर कैदेत जाई. सुरुवातीला परतीच्या फुकट प्रवासाचा हक्क होता. १८५० नंतरच्या काळात तोही काढून घेतला गेला.

पाच वर्षे पुरी झाली की माणूस मोकळा व्हायला हवा. काहींनी भाजीपाला लावला, काही फेरी करू लागले, काहींनी तुकडाभर जमीन घेतली. मळेवाल्यांना हे रुचले नाही. मोकळा मजूर जास्त मजुरी मागतो, आणि करारात बांधलेला स्वस्त पडतो. त्यातून १८६७ चा कायदा झाला. करार संपवून बसलेल्या प्रत्येक जुन्या मजुराने स्वतःचे छायाचित्र लावलेला पास सतत जवळ बाळगायचा. त्यावर राहण्याचे ठिकाण आणि धंदा लिहिलेला. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायचे तर पोलिसांची मोहोर हवी. पास घरी राहिला, भिजला, हरवला, की माणूस ‘भटक्या’ ठरला आणि अटक झाली. नव्या पासाला पैसे, ते नसतील तर पुन्हा मळ्यावर करार. या कायद्याची खुबी नीट पाहा. कोणाला पुन्हा मळ्यावर ये, असे तो सांगत नव्हता. मळ्याबाहेर जगणे तेवढे त्याने अवघड करून ठेवले.

या अन्यायाला वाचा फोडली ती अडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका युरोपीय गृहस्थाने. तो तिथेच मळ्यावर राहत होता. त्याने १८७१ मध्ये जुन्या मजुरांचा अर्ज तयार केला आणि त्यावर ९,४०१ जणांनी सह्या-अंगठे केले. मळेवाले त्याच्यावर खवळले, पोर्ट लुईच्या रस्त्यात त्याला मारहाण झाली. पण अर्ज गव्हर्नरापर्यंत पोचला. १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग बसला, फ्रेअर आणि विल्यमसन या दोन आयुक्तांनी साक्षी घेतल्या, आणि १८७५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. मजुरांच्या तक्रारी बव्हंशी खऱ्या ठरल्या. १८७८ मध्ये मजुरांचा कायदा नव्याने झाला आणि जाच थोडा सैलावला. शिक्षक बंधूंना मी मुद्दाम सांगतो, की वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना हा ९,४०१ जणांचा अर्ज सांगण्यासारखा आहे. त्यांतल्या पुष्कळांना लिहिता येत नव्हते. आपली हकीकत कागदावर मांडली तर सरकारला ती वाचावी लागते, एवढे मात्र त्यांना कळले होते.

गिरमिटाची पद्धत मुळातून उपटावी अशी मागणी भारतात ज्यांनी कायदेमंडळात मांडली, ते आपल्याच महाराष्ट्राचे गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये त्यांनी नाताळला मजूर पाठवणे बंद करावे असा ठराव आणला आणि तो मान्य होऊन जुलै १९११ पासून ती निर्यात थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सर्वच गिरमीट बंद करावे असा ठराव मांडला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: करार करणारे दोन पक्ष बरोबरीचे नाहीत, मजुराला आपण कोणत्या कायद्याखाली जातो आहोत हे सांगितले जात नाही, आणि काम नाकारले म्हणून तुरुंग होतो, अशा कराराला करार म्हणता येत नाही. सरकारी मतांपुढे तो ठराव पडला. गोखले १९१५ मध्ये गेले. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच मुद्दा पुन्हा लावून धरला, सरकारला तो मान्य करावा लागला आणि १९१७ मध्ये गिरमिटाची जहाजे थांबली. मॉरिशसला जाणारे गिरमीट त्याआधीच, १९१० च्या सुमारास संपले होते.

मॉरिशसला गेलेली मराठी माणसे बहुतेक तिथेच राहिली. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी नांदते आहे. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकवण्याची सोय आहे. ज्या धक्क्यावर गिरमिटिये उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो. मजुरांची छायाचित्रे आणि नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. पणजोबांना अपमान वाटलेला तो कागद आज पणतूला आपल्या मूळ गावाचा पत्ता सांगतो.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. त्यानंतर त्या देशानेही कायदा केला, की जो नागरिक नाही त्याला परवान्यावाचून तिथे नोकरी करता येणार नाही. पुढे कापडाचे कारखाने आणि बांधकामे वाढली, तेव्हा बांगलादेश, भारत, मादागास्कर, नेपाळ येथून मजूर येऊ लागले. म्हणजे एकेकाळी पास दाखवून जगणाऱ्यांची नातवंडे आज दुसऱ्यांना परवाने देतात. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या देशात कोणी, किती काळ, कोणते काम करावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. एकदा आत घेतलेल्या मजुराला ते राष्ट्र कसे वागवते, यावर त्या अधिकाराची परीक्षा होते.

आता आपल्या मुलांच्या वाटेवरची दोन बेटे पाहू. पहिले बहारीन. आखातात १९३२ मध्ये तेल लागले, आणि पुढे तिथे परदेशी मजुरांची रीघ लागली. आखाती देशांत ‘कफाला’ नावाची पद्धत रूढ झाली. कफील म्हणजे जामीन राहणारा मालक. मजूर देशात येतो तो कफिलाच्या नावावर, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे त्याच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे. बहारीनने २००६ मध्ये कायदा करून परवान्यांसाठी वेगळे सरकारी खाते काढले. २००९ मध्ये मजुराला मालकाच्या संमतीवाचून दुसरीकडे जाण्याची मुभा दिली. दोन वर्षांतच, २०११ मध्ये, तिला अट लागली, की आधी त्या मालकाकडे एक वर्ष भरले पाहिजे. २०१७ मध्ये मजुराला स्वतःच्या नावावर मिळणारा एक नवा परवाना निघाला आणि २०२२ मध्ये तो बंद करून त्याजागी नोंदणी केंद्रांची दुसरी योजना आणली गेली. पंधरा-सोळा वर्षांत इतकी वळणे! म्हणून गावातला कोणी दहा वर्षांपूर्वीचा अनुभव सांगून ‘तिकडे असं असतं’ म्हणाला, तर ऐकून घ्यावे. पण आजचा नियम विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

दुसरे बेट सिंगापूर. तिथला परदेशी मजुरांचा कायदा १९९० चा आहे. मजुरामागे मालकाने सरकारला दरमहा कर भरायचा, आणि मलेशियाबाहेरून आणलेल्या प्रत्येक मजुरासाठी पाच हजार सिंगापुरी डॉलरची हमी द्यायची. मजुराची राहण्याची आणि परत पाठवण्याची जबाबदारी मालकावर. हमी जप्त होऊ नये म्हणून मालक सावध राहतो, ही या कायद्याची एक बाजू. त्याच भीतीने तो मजुरावर फाजील पहारा ठेवू शकतो, ही दुसरी. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. परवाना मंजूर होण्यापूर्वी एक पूर्वमंजुरीचे पत्र निघते आणि त्यात पगार, कपात, भत्ते स्पष्ट लिहिलेले असतात. हे पत्र मजुराच्या हाती आपला देश सोडण्यापूर्वी पडले पाहिजे. ज्याने ते मागून घेतले आणि जपून ठेवले, त्याच्याजवळ पुढच्या तक्रारीचा पुरावा राहिला.

परक्या देशाचा कायदा आपल्या हाती नाही, पण आपल्या देशाचा आहे. भारतात १९२२ चा कायदा बदलून १९८३ मध्ये नवा उत्प्रवासन कायदा झाला. त्यातल्या मुख्य अधिकाऱ्याचे नाव आजही तेच आहे, १८४२ सालचे ‘प्रवासी संरक्षक’. त्याचे एक कार्यालय मुंबईत आहे. या कायद्याप्रमाणे परदेशी मजूर भरती करणाऱ्या दलालाला सरकारी नोंदणी लागते. ती नोंदणी खरी की खोटी, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नोंदलेल्या दलालालाही मजुराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख मागणारा माणूस तिथेच ओळखावा. या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचे मसुदे २०२१ आणि २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवले गेले. तेव्हा निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घेणे बरे.

आता शिक्षकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. जो दहावी उत्तीर्ण नाही, त्याच्या पासपोर्टावर साधारणपणे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो. आखाती देश, मलेशिया आदी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना त्याला प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते आणि विमा काढावा लागतो. हा प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांची तरतूद आहे. दहावी झालेल्याला ही तपासणी लागत नाही. गावात लोक म्हणतात, ‘दहावी झाली, आता अडथळा गेला.’ खरे आहे. पण अडथळ्याबरोबर पहाराही गेला. न शिकलेल्याचा करार निदान एका अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातो. शिकलेल्याचा करार वाचणारा तो स्वतःच. आणि दहावी-बारावी झालेली किती मुले सही करण्यापूर्वी करार अखेरपर्यंत वाचतात? आमच्या महाविद्यालयात पदवीच्या वर्गातली मुलेही छापील कागदावर आधी सही कुठे करायची तेवढे विचारतात.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना माझी सूचना अशी, की नववी-दहावीच्या वर्गात वर्षातून एक तास करार वाचण्यासाठी ठेवावा. फळ्यावर पाच प्रश्न लिहावेत. मालकाचे पूर्ण नाव आणि पत्ता काय? काम कोणते? हाती पडणारा पगार किती, कपात कशाकशाची? मुदत किती, आणि परतीचे भाडे कोणाचे? मालक बदलायचा झाला तर कायदा काय म्हणतो? या पाचांपैकी एकाचेही उत्तर कागदावर नसेल, तर तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

जाणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी कराव्यात. पासपोर्ट, परवाना आणि करार यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. मूळ पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे पुष्कळ देशांत कायद्याने मना आहे, हे माहीत असावे. तिथल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक स्वतःजवळ आणि घरच्यांजवळ असावा. अडचणीतल्या मजुरासाठी दूतावासाकडे २००९ पासून एक कल्याण निधी आहे. आणि निघताना घेतलेल्या कर्जाचा हिशेब पगाराशी घालून पाहावा. कर्ज फिटायला परवान्याची सगळी मुदत लागणार असेल, तर तो माणूस मजुरीला निघाला नसून उचल फेडायला निघाला आहे, आणि उचल कशी वाढते हे आपल्या भागाला कोणी शिकवायला नको.

परवाना वाईट नाही. परवान्यावर गेलेल्या माणसांनी आपल्या गावांत विहिरी पाडल्या, घरे बांधली, बहिणींची लग्ने केली, भावांना शिकवले. मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या छायाचित्राच्या पासापासून आजच्या प्लास्टिकच्या ओळखपत्रापर्यंत एक प्रश्न तसाच राहिला आहे: या कागदाने मजुराचे रक्षण होते, की तो मालकाच्या दावणीला बांधला जातो? कायदा सुधारत जातो, पण सावकाश. गोखल्यांचा ठराव एकदा पडला आणि मग चार वर्षांनी मान्य झाला. तोवर विमानात बसणाऱ्या माणसाला आपला कागद आपणच वाचला पाहिजे. ज्यांना तो वाचता येत नाही, त्यांना गावातल्या शाळेचे दार उघडे असावे, एवढीच शिक्षकांना विनंती.